वरून खाली ऐकत जा

नाही, वह्या मिटा आधी. मिटा म्हणते ना. पहिल्या रांगेतल्या मॅडम, तुम्ही तर तारीख घालून, 'उलट पद्धत' असं लिहून त्याखाली दोन रेघासुद्धा ओढल्यात, मला इथून दिसतंय. खोडा ते. अहो, पद्धतबिद्धत काही नाहीये! बावीस केंद्रांतल्या शिवणशिक्षकांना परिपत्रक काढून इथे गोळा केलंय, का तर म्हणे या ताई बाहेर शिकून आल्यात, यांनी फोनवरून शर्ट शिकवला आणि अकरातले दहा पास केले, तर यांच्याकडून ती पद्धत समजून घ्यावी. घ्या की समजून. पण आधी मला तर समजू द्या! निकाल लागून महिना झाला, माझा संताप अजून उतरला नाही, आणि तुम्ही टाळ्या कसल्या वाजवता?

पहिल्यापासून सांगते. हो, पहिल्यापासूनच. शेवटापासून ऐकायची सवय ज्यांना लागली त्यांचं काय झालं ते कळेलच.

माझी मावशी एकतीस वर्षं शिवणकेंद्र चालवते. वर्गाची एक खोली, बारा मशिनं, आणि बाराच्या बारा एकदम खडखडत असताना त्यांच्यावर चढणारा मावशीचा आवाज. 'बाहीचा मुंढा खेचू नकोस गं, रबर आहे का तो!' असं ती या टोकाला म्हणाली, की तीन घरं पलीकडचा माणूस दचकून हातातलं काम खाली ठेवायचा. त्या आवाजाला शेवटी गाठी आल्या. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, तीन महिने वर्गात बोलायचं नाही. ते म्हणाले वर्गात, पण मावशी म्हणजे एक घाव दोन तुकडे, तिने बोलणंच बंद केलं. गळ्यात टेप, हातात शिंप्याचा खडू, आणि काही सांगायचं झालं की कापडाच्या चिंधीवर लिहायचं आणि चिंधी समोर टाकायची. डॉक्टरांनासुद्धा चिंधीवरच विचारलं, 'शिट्टी चालेल का?'

आणि वेळ कुठली? दोन वर्षं लागोपाठ केंद्राचा निकाल निम्म्याच्या खाली गेलेला. तिसऱ्या वर्षीही गेला असता तर मान्यता रद्द, दाराला कुलूप. म्हणजे अकरांतले सहा तरी पास व्हायलाच हवे होते, आणि शिकवणारीचा घसा बंद.

अशा वेळी कोण आलं? मी आले. नुकतीच पदवी घेऊन, ताजी ताजी. कशातली पदवी, तर लांबून शिकवण्यातली. म्हणजे शिकवणारा एकीकडे, शिकणारा दुसरीकडे, आणि मधे तंत्रज्ञान. मी मावशीच्या खोलीत उभं राहून भाषण ठोकलं. म्हटलं, मावशी, ज्ञान काय खोलीत कोंडून ठेवायची वस्तू आहे? तुझे विद्यार्थी बघ जरा. एक हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत दिवसभर चादरींच्या घड्या घालते, एक बेकरीत भट्टीपुढे उभी असते, एक शाळेच्या बसवर पोरं चढवते-उतरवते, वॉचमनकाका गेटवर बसून असतात. यांनी सगळं टाकून चारच्या ठोक्याला तुझ्यापुढे हजर का व्हायचं? वर्ग त्यांच्याकडे गेला पाहिजे! त्यांच्या कानात गेला पाहिजे!

मावशीने चिंधी टाकली. 'कानात सुई घालून शिवता येत नाही.'

मी हसले. काय गोड आहेत जुनी माणसं, असं हसले. आता आठवलं की माझ्याच कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटते.

मग लागले कामाला. मागच्या खोलीच्या खिडकीला रजई टांगली, दाराच्या फटीत टॉवेल कोंबला, आणि मावशीच्या वहीतून शर्टाचे बारा पाठ माझ्या आवाजात रेकॉर्ड केले. त्याचा पॉडकास्ट. शिवाय ब्लॉग, त्यावर आकृत्या. आणि या सगळ्याचं फीड. फीड म्हणजे काय, तर मी नवीन काही टाकलं की तुम्ही काही न करता ते तुमच्या फोनात येऊन पडतं. मी प्रत्येकाच्या फोनात स्वतः अ‍ॅप घालून दिलं, काकांच्या फोनात जागा नव्हती तर त्यांचे नातवाचे चारशे फोटो दुसरीकडे हलवून दिले. इतकी तळमळ. आता एवढ्या तळमळीने मी तीन गोष्टी केल्या, त्या नीट ऐका, कारण तिन्ही माझ्या आहेत, तिन्हींना पुस्तकांचा आधार आहे आणि तिन्हींनी मिळून माझं वाटोळं केलं.

एक, पाठांना आकडे घातले नाहीत. आमचे प्राध्यापक म्हणायचे, आकडा दिसला की शिकणाऱ्याला आपण मागे पडल्याची भीती वाटते. म्हणून मी नावं दिली. मापं घ्यायच्या पाठाला 'माणूस सरळ नसतो'. हे मावशीचंच वाक्य, एकतीस वर्षांचं. ती सांगायची, प्रत्येकाचा एक खांदा खाली असतो, म्हणून दोन्ही खांदे मोजा, एक मोजून दुसरा गृहीत धरू नका. कापायच्या पाठाला 'कात्रीचं धाडस'. शिलाईच्या आत किती जास्तीचं कापड सोडायचं त्याला 'माया किती ठेवावी'. आणि शेवटच्या, काजाबटणांच्या पाठाला 'दार उघडं, दार बंद'. मला स्वतःलाच इतकी आवडली होती नावं!

दोन, बाराही पाठ एकाच दिवशी टाकले. का, तर ज्याने त्याने आपल्या वेगाने शिकावं. आपण कोण कुणाला आठवड्याची वाट बघायला लावणारे?

आणि तीन. ब्लॉगवर सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, मी लिहिलं, 'गोंधळू नका. वरून खाली एकेक ऐकत जा.'

हं. मागच्या रांगेत एकजण आत्ताच कपाळाला हात लावून बसलेत. त्यांना कळलं. मला कळायला अकरा आठवडे लागले.

अकरा आठवडे मी काय करत होते? मागच्या खोलीत बसून आलेख बघत होते! कुणी किती ऐकलं त्याचा आलेख असतो तिथे, हिरवा. अकराच्या अकरा जणांनी ऐकलेलं. शेवटपर्यंत ऐकलेलं. रस्त्यात कुणी भेटलं की मी विचारायची, काय, चाललंय ना ऐकणं? लॉन्ड्रीवाली बिनचूक उत्तर द्यायची, 'ऐकलं ना ताई, पूर्ण ऐकलं.' बसवाली, 'ऐकलं ना ताई, पूर्ण ऐकलं.' काका गेटवरून हात वर करून, कानातला हेडफोन दाखवून, 'ऐकलं, ऐकलं.' मी अशी फुगले होते ना... मावशीचे विद्यार्थी एकतीस वर्षांत एकदा तरी पूर्ण ऐकत होते का?

बाहेरच्या खोलीत ते येऊन आपापल्या वेळेला मशिनवर बसायचे, मावशी कोपऱ्यात बसून बघायची. मी बाहेर जातच नव्हते. कशाला जाऊ? तिथे गेले असते तर ते लांबून शिकवणं कसं झालं असतं? आणि मावशी दाराखालून चिंध्या सरकवायची. मी पुढच्या वर्षीसाठी पँटचे पाठ रेकॉर्ड करायला बसले, 'प्रिय श्रोते हो' म्हटलं, की सर्रर करून एक चिंधी आत. परत पहिल्यापासून. पहिल्याच दिवशी मी चिडून म्हटलं, मावशी, तू आराम कर गं, लिहायचासुद्धा ताण घेऊ नकोस. आणि आलेली चिंधी न वाचता बिस्किटांच्या डब्यात टाकायची, ठप्प झाकण. ही मी. संवादाच्या माध्यमांवर प्रबंध लिहिलेली.

बरं, खुणा नव्हत्या का? ढीगभर! पहिल्याच आठवड्यात लॉन्ड्रीवालीने ब्लॉगवर प्रश्न टाकला, 'ताई, शर्ट कुठून आणायचा?' मी उत्तर दिलं, 'शर्ट आणायचा नसतो, तो घडत जातो. घाई करू नका.' काय ते उत्तर, फ्रेम करून लावावं असं! मग एक दिवस बसवालीचा नवरा दारात आला, स्वेटर गळ्यापर्यंत बंद, ऐन उकाड्यात, म्हणाला जरा शर्टाचं विचारायचं होतं. मला वाटलं नाव नोंदवायला आलाय. मी त्याला उभ्या उभ्या वीस मिनिटं समजावलं की शिवण हे फक्त बायकांचं काम नाही. तो घामाने निथळत ऐकून घेऊन गेला. त्याचा शर्ट आत टेबलावर होता हो! त्याच्या दोन्ही बाह्या आत होत्या!

परीक्षेला एक आठवडा राहिला तेव्हा मी सगळ्यांना बोलावलं. म्हटलं, आपापला पूर्ण शर्ट घेऊन या. आले. प्रत्येकाच्या हातात पिशवी. मी म्हटलं, काढा. त्यांनी पिशव्या टेबलावर उलट्या केल्या, आणि तुम्हाला सांगते, माझ्या पायाखालची जमीनच सरकली. एक शर्ट नाही. कॉलरी. कफ. बाह्या. पाठी, छात्या, खिसे, सगळे सुटे, इस्त्री करून, टाचणीने नीट गठ्ठे लावलेले. जणू दहा माणसं सोलून आणलीत. आणि काका उभे होते ते बनियनवर, आणि बनियनवर बिल्ला.

मी म्हटलं, हे काय आहे?

लॉन्ड्रीवाली म्हणाली, 'शर्ट आहे ताई.'

मी म्हटलं, शिवलेला कुठाय?

तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग तीच पुढे झाली. तिचं म्हणणं असं, की वरून खाली ऐका असं तुम्हीच लिहिलंत, आणि सगळ्यात वर होता 'दार उघडं, दार बंद'. तो लावला तर सुरुवातीलाच तुम्ही म्हणालात, आता आपला शर्ट पूर्ण झालाय, फक्त काजं-बटणं राहिली. आमच्याकडे कुठला शर्ट? जिला-तिला वाटलं, बाकीच्यांचा झाला, आपणच मागे पडलो. मग घरातला घेतला. त्याची बटणं काढली, काजं उसवली आणि परत घातली, हात बसेपर्यंत. त्याच्या खालचा पाठ कॉलरचा. कॉलर बसवा म्हणालात, मग बसवायची तर आधी काढायला नको? काढली. मग कफ काढले, बाह्या काढल्या...

कळलं? आकडे असते तर भीती वाटेल म्हणून मी आकडे घातले नाहीत. झाली भीती कमी? आणि फीडमध्ये जे सगळ्यात शेवटी टाकलं ते सगळ्यात वर दिसतं. शेंबड्या पोराला कळतं ते! मी एक ते बारा ओळीने टाकले, बारावा जाऊन बसला डोक्यावर आणि पहिला गेला तळाला. आणि या दहा जणांनी, माझ्या आज्ञेप्रमाणे, दार बंद करायला शिकून मग घर पाडलं. मापं कशी घ्यायची ते त्यांनी परवा ऐकलं. परवा!

मी ओरडले. म्हटलं, अहो, मला विचारायचं नाही का? तर अत्यंत शांतपणे, 'विचारलं ना ताई. ब्लॉगवर.' आणि वर काका, बनियनमधून, मला धीर दिल्यासारखे म्हणतात कसे, 'पण ऐकलं ना ताई, पूर्ण ऐकलं.'

दहा म्हणाले मी, बरोबर. अकरावी बेकरीवाली. तिची पिशवी अजून उलटी व्हायची होती; तिच्यातून शर्ट निघाला. पूर्ण, शिवलेला, घडी केलेला. ती म्हणाली, मला पहिल्याच दिवशी वाटलं ताईंचं लिहिताना चुकलं असणार, म्हणून मी आपली खालून वर ऐकत गेले. मी तिला मिठी मारली. त्या खोलीत एकटी तीच शहाणी होती. हे लक्षात ठेवा. लिहू नका, लक्षात ठेवा.

तेवढ्यात मावशी उठली. आतून बिस्किटांचा डबा आणला, माझ्यापुढे ठेवला आणि झाकण काढलं. मी सगळ्यांसमोर एकेक चिंधी वाचली. पहिली पहिल्या आठवड्यातली. 'टोपली उलटी भरलीस. वरचं आधी निघतं.' दुसरी, 'काजं आधी शिकतायत.' तिसरी, 'वॉचमनचा युनिफॉर्म उसवला. त्यांना थांबव.' आणि मग, चांगली मोठी चिंधी, 'थांबवू नकोस. मी बघतेय.' सगळ्यात शेवटची आदल्या दिवशीची होती. 'उंटावरून शेळ्या हाकणं पुरे झालं. बाहेर ये.'

सगळं लिहिलेलं होतं. अकरा आठवडे. वाचणारी कुठे होती, तर आलेख बघत होती.

पुढचे सात दिवस मी फोनला हात लावला नाही. बाहेरच्या खोलीत बसले, दोरे ओवून दिले, इस्त्र्या केल्या. आणि ते दहा जण आपापले शर्ट परत शिवत होते. मावशी लाकडी पट्टीने टेबलावर टक करायची, एक टक म्हणजे थांब, दोन टक म्हणजे उसव. मी घाबरून बघत होते, पण मला नवल एकाच गोष्टीचं वाटत होतं, की कुणी काही विचारत नव्हतं. कुठला तुकडा कुठे जातो, कुठली कड कशाखाली दडते, हे त्यांना पाठ होतं. स्वतःच सोडवलेलं होतं ना सगळं.

परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. म्हातारे कटिंगमास्तर, काटकुळे, तोंडात सुई धरल्यासारखे ओठ घट्ट. नेहमी मापाचा कागद देतात. यांनी कागद दिला नाही. कोट काढला, मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, माझा शर्ट शिवा, चार तास आहेत.

आणि त्या दहा जणांनी एकामागून एक येऊन त्यांचा उजवा खांदा मोजला आणि मग डावाही मोजला. दहाच्या दहांनी! का? तर तो पाठ त्यांनी गेल्याच आठवड्यात ऐकला होता, कानात ताजा होता. मास्तरांचा डावा खांदा बोटभर खाली आहे. आयुष्यभर कात्री चालवून झालेला. लॉन्ड्रीवालीने टेप धरली तेव्हा ते हळूच म्हणाले, 'गेल्या नऊ वर्षांत परीक्षेत हा खांदा कुणी मोजला नाही, बाई.' लॉन्ड्रीवाली म्हणाली, 'माणूस सरळ नसतो, मास्तर.' माझा पाठ! माझ्या आवाजातला! मला रडू आलं, आणि रागही आला, दोन्ही एकदम.

काजं तर विचारूच नका. बारा आठवडे घातलेली काजं, छापल्यासारखी. दहा पास. केंद्राची मान्यता राहिली, मावशीची बारा मशिनं राहिली. कसं शिकलात ते त्यांनाच विचारून मास्तरांनी अहवालात लिहिलं, 'या केंद्राने पाठ शेवटाकडून सुरुवातीकडे देण्याची अभिनव पद्धत काढली असून...' आणि त्यावरून तुम्ही सगळे आज इथे.

आणि अकरावी? बेकरीवाली? जिने डोकं चालवलं, माझी चूक ओळखली, पाठ सरळ क्रमाने ऐकले? तिने खांद्याचा पाठ बारा आठवड्यांपूर्वी ऐकला होता. एकच खांदा मोजला. शर्ट गळ्याशी तिरका बसला. नापास.

मी सांगते त्यातलं तुम्हाला काही कळतंय का? ती संध्याकाळी माझ्याकडे आली, हाताला पीठ तसंच, आणि म्हणाली, 'ताई, माझं चुकलं कुठे ते फक्त सांगा.' काय सांगू मी तिला? माझं ऐकलं नाहीस म्हणून नापास झालीस? माझं न ऐकणं हीच तर एकमेव बरोबर गोष्ट होती! ही असली पद्धत मी तुम्हाला शिकवू? चुकलेली बाई व्यासपीठावर, आणि बरोबर होती ती पुन्हा परीक्षेला?

आता ती रोज येते. मागची खोली मी उघडून टाकलीय, रजई काढलीय. मी तिच्यासमोर बसते, ती वडिलांचा शर्ट उसवते, मी बघते. पाठ आहेत अजून फोनवर, आकडे घातलेत, ज्याला काही विसरलं त्याने ऐकावेत. पण डबा रोज संध्याकाळी रिकामा करते. वाचून.

मावशीला बोलायची परवानगी मिळाली. मी म्हटलं, मावशी, आता तूच जा त्या लोकांपुढे, एकतीस वर्षांचं तुझं आहे, माझा काय संबंध? तर बाईसाहेब खडू उचलून लिहितात, 'तू जा. मला गप्प बसण्यात मजा यायला लागलीय.' आणि निघताना खिशात एक चिंधी कोंबली. थांबा, ती मी अजून... बघा! परत न वाचता ठेवली. कानाला खडा लावला होता मी!

हं. 'फार बोलू नकोस. कुणी ऐकतंय का ते मधूनमधून बघ.'

बरोबर आहे. तर मला सांगा, मी आत्ता काय म्हणाले? पद्धत नाही. उलट नाही, सुलट नाही. समोर बसा, हातांकडे बघा, विचारलं तर नीट उत्तर द्या. एवढंच. ऐकलंत ना?

...

'ऐकलं ना ताई, पूर्ण ऐकलं.' बावीस जण. एका सुरात.

आणि मागच्या रांगेतले सर, कफाचं बटण सोडा. सोडा म्हणते ना, घरी जाताना लागेल तो शर्ट.